अँटिऑक्सिडंटचा खर्च रुग्णाच्या ताटातून निघतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत नुकताच ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’विषयी, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंमुळे पेशींवर येणाऱ्या ताणाविषयी, एक लेख प्रसिद्ध झाला. एचआयव्ही आणि क्षयरोग असे दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णांमध्ये हा ताण फार वाढतो, हे त्यातील विधान बरोबर आहे. अशा रुग्णांनी अँटिऑक्सिडंटच्या (ऑक्सिडीकरण थोपवणाऱ्या पदार्थांच्या) कॅप्सूल नियमित घ्याव्यात, हा जो सल्ला लेखकाने त्याच्या जोडीला सहज देऊन टाकला आहे, त्याला मात्र आधार नाही. आणि ज्या घरांपर्यंत तो पोचतो त्या घरांना तो परवडणाराही नाही. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर एका स्वयंसेवी संस्थेच्या कामानिमित्त या रुग्णांच्या घरी माझे जाणे-येणे असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पत्राच्या लांबीबद्दल क्षमस्व.

प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना नव्याने क्षयरोग झाला, त्यांतील सुमारे सहा टक्के एचआयव्हीबाधित होते, आणि या दुहेरी संसर्गाने त्या एका वर्षात १ लाख ६१ हजार माणसे दगावली. देशातील सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात राहतात आणि जगातील क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे, हे लक्षात घेतले तर आपल्या पुरवणीचा वाचक आणि हा रुग्ण एकाच गल्लीत राहत असण्याची शक्यता बरीच आहे.

लेखात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचे वर्णन शरीरात साचत जाणारे विष अशा थाटात केले आहे. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. क्षयाचा जंतू श्वासावाटे फुफ्फुसात पोचला की तेथील भक्षक पेशी त्याला गिळतात आणि ऑक्सिजनपासून तयार केलेल्या अतिक्रियाशील रेणूंचा त्याच्यावर मारा करतात. आधी सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि वेगळ्या मार्गाने तयार होणारे नायट्रिक ऑक्साइड ही या पेशींची हत्यारे होत. ज्या मुलांमध्ये सुपरऑक्साइड तयार करणारे विकर (एन्झाइम) जन्मतःच सदोष असते त्यांना क्षयरोग सहज जडतो, इतकेच नव्हे तर इतर बाळांना निर्धोक असलेली बीसीजीची लसही त्यांना बाधू शकते. म्हणजे ज्याला आपण ‘स्ट्रेस’ म्हणून सरसकट नावे ठेवतो, त्याच्यावाचून शरीराला क्षयाच्या जंतूशी धड लढताही येत नाही.

जंतूही तयारीचा असतो. त्याच्याजवळ हायड्रोजन पेरॉक्साइडची वासलात लावणारे स्वतःचे एक विकर असते. गंमत अशी की १९५२ पासून वापरात असलेली आयसोनियाझिडची गोळी मुळात निष्क्रिय असते आणि जंतूचे हेच विकर तिला मारक रूप देते. त्या विकराच्या जनुकात बदल झाला की जंतू आयसोनियाझिडला दाद देईनासा होतो. या रस्सीखेचीत आठवडे आणि महिने जातात, भक्षक पेशी मारा करीतच राहतात, आणि मग शेजारच्या निरोगी ऊतींची होरपळ सुरू होते. पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ ऑक्सिडीकरणाने मोडू लागतात, फुफ्फुसात पोकळ्या पडतात, आणि रोग बरा झाल्यावरही दम लागण्याची तक्रार मागे राहते.

आता त्याच शरीरात एचआयव्ही आहे असे समजा. या विषाणूची काही प्रथिने, विशेषतः ‘टॅट’ नावाचे प्रथिन, पेशींमधील ऑक्सिडीकरण वाढवतात. शिवाय विषाणू आटोक्यात नसेल तर रोगप्रतिकार यंत्रणा कायम चेतलेली राहते, त्याचाही भार पडतो. पेशीतील ऑक्सिडीकरण थोपवणारा मुख्य रेणू म्हणजे ग्लुटाथायोन. बाह्यतः ठणठणीत दिसणाऱ्या, कोणतेही लक्षण नसलेल्या एचआयव्हीबाधितांमध्येही तो कमी असतो, हे १९८९ मध्येच दिसून आले होते. याहून महत्त्वाची बाब अशी की ऑक्सिडीकरण आणि क्षयाच्या दाहात स्रवणारी टीएनएफसारखी रसायने पेशीतील ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचा एक नियंत्रक जागा करतात. तो एचआयव्हीच्या जनुकांच्या आरंभस्थानी जाऊन बसतो आणि विषाणूच्या प्रती भराभर निघू लागतात. क्षयाची गाठ जेथे आहे तेथे विषाणू वाढतो, विषाणू वाढला की सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी घटतात, त्या घटल्या की क्षयाचा जंतू मोकाट सुटतो. दोन्ही रोग एकमेकांना पोसतात ते असे, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा या चक्राचा एक आरा आहे. मूळ आस म्हणाल तर ते दोन जंतूच.

रक्तातील हा ताण मोजतात कसा, हेही वाचकांना ठाऊक असायला हवे, कारण ‘अमुक पटीने वाढलेला’ अशी विधाने या मोजमापावर उभी असतात. आमच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे चालणारी पद्धत साधी होती. रक्तरसात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवायची. स्निग्ध पदार्थ मोडल्यावर तयार होणारे मॅलनडायअल्डिहाइड जितके जास्त तितका गुलाबी रंग गडद, आणि तो रंग ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीवर वाचायचा. पद्धत स्वस्त आहे, पण भाबडी आहे. नमुना काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर रंग बदलतो. नळी बर्फाविना एसटीच्या डिकीतून दुपारभर प्रवास करून आली तर ऑक्सिडीकरण नळीतच सुरू राहते. साखरेसारखे इतर पदार्थही हा रंग देऊ शकतात. शिवाय विडी, तंबाखू, दारू, रक्तक्षय आणि नुसता ताप यांनीही आकडा चढतो. इथिओपियातील क्षयरुग्णांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीवनसत्त्व क आणि ई यांची पातळी कमी व मॅलनडायअल्डिहाइडची जास्त आढळली, आणि आजार जितका तीव्र तितका आकडा चढा होता. असे निष्कर्ष विश्वसनीय आहेत. त्यांतून एवढेच सिद्ध होते की रुग्ण जितका आजारी तितका त्याच्या रक्तात हा खुणेचा पदार्थ जास्त. खूण पुसली म्हणजे आजार हटला, हे अनुमान त्यातून निघत नाही. उलट क्षयाचे औषध नीट चालू झाले की हा आकडा हळूहळू आपसूक उतरतो.

मग अँटिऑक्सिडंट देऊन पाहिलेच नाही का? पाहिले आहे, आणि तेही भरभक्कम चाचण्यांमधून. टांझानियातील दार-ए-सलाममध्ये १,०७८ एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रियांना ब-समूह, क आणि ई ही जीवनसत्त्वे दिली असता त्यांचा आजार वाढण्याचा वेग मंदावला, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. याच एका निकालावर कॅप्सूलवाल्यांची सारी मदार असते. पण त्या स्त्रियांना एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधे, उपलब्ध नव्हती. त्याच मालिकेत जीवनसत्त्व अ दिलेल्या मातांकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले, हे कोणी सांगत नाही. पुढे एआरटी सुरू करणाऱ्या ३,४१८ रुग्णांवर त्याच देशात चाचणी झाली, एका गटाला जीवनसत्त्वांची नेहमीची मात्रा आणि दुसऱ्याला अनेक पट मोठी. मोठ्या मात्रेने ना मृत्यू कमी झाले, ना आजाराची वाढ. उलट यकृताला इजा सुचवणारे एएलटी हे विकर रक्तात वाढलेले दिसल्याने चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. हा निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरोगाच्या गोळ्या आधीच यकृतावर ताण आणत असताना अशा रुग्णाला मोठ्या मात्रेची जीवनसत्त्वे सुचवणाऱ्याने हा निकाल वाचलेला असावा, ही अपेक्षा फार नाही.

एन-ॲसिटिलसिस्टीनचे नाव हल्ली बरेच ऐकू येते. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर तो उतारा आहे आणि ग्लुटाथायोन तयार करायला तो कच्चा माल पुरवतो, त्यामुळे कल्पना तर्कशुद्ध आहे. क्षयाच्या औषधांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांना केपटाऊनमध्ये तो शिरेतून देऊन पाहिला गेला. यकृत पूर्वपदावर येण्याचा काळ कमी झाला नाही, रुग्णालयातील मुक्काम मात्र काहीसा घटला. संशोधन चालू राहावे असे हे क्षेत्र आहे, आणि रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली एखाद्याला ते दिले तर माझी हरकत नाही. मेडिकलच्या काउंटरवर ‘फुफ्फुस साफ करणारी पावडर’ म्हणून ते विकणे ही निराळी गोष्ट झाली.

जीवनसत्त्व क चे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. न्यूयॉर्कमधील आल्बर्ट आइनस्टाइन वैद्यक महाविद्यालयाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की प्रयोगशाळेतील नळीत क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा क्षयाचे जंतू मारून टाकते. बातम्या झळकल्या, ‘लिंबू-आवळ्याने टीबी बरा’ असे संदेश फिरले. ते जंतू मेले कशाने? लोहाच्या साथीने क जीवनसत्त्वाने तेथे ऑक्सिडीकरण करणारे रेणू निर्माण केले म्हणून. ज्याला अँटिऑक्सिडंट म्हणून गौरवायचे त्यानेच तेथे नेमके उलट काम केले होते. परिस्थिती, मात्रा आणि जागा बदलली की या रेणूंची भूमिका पालटते, आणि कॅप्सूलच्या डबीवर हे छापलेले नसते.

अशी एक डबी अलीकडेच एका हमाली करणाऱ्या रुग्णाच्या घरी मी हातात घेऊन पाहिली. भिंतीवरच्या खुंटीला औषधांची कापडी पिशवी होती. तीत टीबीच्या आणि एआरटीच्या सरकारी गोळ्या, आणि सोबत ही सोनेरी झाकणाची डबी, तीस कॅप्सूल, किंमत सातशेच्या वर. बारीक अक्षरांत घटक होते: बीटा-कॅरोटीन, लायकोपीन, झिंक, मॅग्नेशियम, सेलेनियम, द्राक्षाच्या बियांचा अर्क. गृहस्थाचे वजन एक्केचाळीस किलो. विडी पूर्ण सुटलेली नाही. टीबीच्या गोळ्या ‘उष्ण पडतात’ हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, आयसोनियाझिडने तळपायांची आग होते, आणि माणूस घाबरून गोळ्याच बंद करतो. या गृहस्थांनाही ‘उष्णता कमी करायला’ म्हणून हीच कॅप्सूल सुचवण्यात आली होती. लघवीचा रंग निरुपद्रवी असतो आणि तळपायांच्या आगीवर ब-६ ची साधी गोळी असते, जी एचआयव्हीबाधितांना आयसोनियाझिडसोबत द्यावी असे मार्गदर्शक सूचनांतच आहे. बीटा-कॅरोटीनचे म्हणाल तर फिनलंडमधील २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला होता. ही गोष्ट १९९४ ची आहे, तीस वर्षे जुनी.

डबी आणल्यापासून घरात अंडी येणे थांबले होते. मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठे नुकसान हे वाटते.

कारण ग्लुटाथायोन शरीर स्वतःच तयार करते आणि त्यासाठी लागणारे सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल प्रथिनांतून मिळते. अंड्यांत ते भरपूर असते. डाळींत ते तुलनेने कमी, धान्यांत जरा बरे, म्हणून डाळ आणि भाकरी-भात एकत्र खाण्यात शहाणपण आहे. तीळही या बाबतीत चांगले. क्षयाच्या तापात शरीराची ऊर्जेची गरज वाढते आणि नेमकी त्याच वेळी अन्नावरची वासना उडते, त्यामुळे स्नायू झिजतात आणि सिस्टीनचा साठाही आटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही क्षयरुग्णाला पुरेसे अन्न आणि जीवनसत्त्वांची फक्त दैनंदिन गरजेइतकी मात्रा एवढेच सांगतात.

अन्नाने काय होते, याचा भारतातील पुरावा कोणत्याही कॅप्सूलच्या जाहिरातीहून सरस आहे. झारखंडमधील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात २,८०० क्षयरुग्णांना दरमहा तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा शिधा आणि जीवनसत्त्वांच्या साध्या गोळ्या दिल्या गेल्या. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ज्या कुटुंबांत घरातील इतरांनाही शिधा मिळाला तेथे नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. हे निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. झारखंडात एचआयव्हीचे प्रमाण कमी असल्याने दुहेरी संसर्गाच्या रुग्णांना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मान्य. पण एक्केचाळीस किलोच्या माणसाला आधी काय द्यावे, याचा निर्णय करायला ते पुरेसे आहेत.

निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. वाढ स्वागतार्ह आहे. प्रत्यक्षात खाते आधारशी जोडलेले नाही, नावात एका अक्षराचा फरक आहे, पासबुक गावी राहिले आहे, अशा कारणांनी पहिला हप्ता येईतो उपचारांचे पहिले दोन महिने, म्हणजे वजन वाढणे जेव्हा सर्वांत मोलाचे असते तेच दिवस, निघून जातात. ज्या रुग्णाला दोन्ही संसर्ग आहेत त्याला निदानाच्याच दिवशी शिधा हातात मिळावा आणि पैशांचा हिशेब मागाहून व्हावा, अशी व्यवस्था जिल्हा पातळीवर करणे अवघड नाही. एआरटी केंद्रात दर भेटीला वजन नोंदवले जाते. ते घटले तर पुढे काय करायचे हे मात्र ठरलेले दिसत नाही.

येथे वृत्तपत्रांबाबतही एक तक्रार नोंदवतो. ‘निक्षय मित्र’ म्हणून कोणी शिध्याचे किट दिले की देणारा, घेणारा आणि मध्ये पिशवी असे छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून येते. नुसत्या क्षयरुग्णालाही ते जाचते. दुहेरी संसर्गाच्या रुग्णाच्या बाबतीत शेजारपाजारची कुजबुज कुठवर जाईल सांगता येत नाही. एचआयव्हीबाधितांची गोपनीयता २०१७ च्या कायद्याने संरक्षित आहे. किट नको पण फोटो आवरा, असे म्हणणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. अशी छायाचित्रे न छापण्याचा निर्णय आपल्यासारख्या दैनिकाने घेतला तर इतरही घेतील.

शेवटी एक बाब तातडीची आहे, आणि ती आपल्या पुरवणीत लेखाच्या जागीच छापावी अशी विनंती आहे. सध्याच्या एआरटीतील प्रमुख औषध डोल्युटेग्राविर हे झिंक, मॅग्नेशियम, लोह, कॅल्शियम यांच्याशी पोटात बांधले जाते आणि रक्तात कमी उतरते. रिफाम्पिसिनमुळेही त्याची पातळी घटते, म्हणून टीबीचे उपचार चालू असताना डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने देतात. त्यात खनिजे असलेली अँटिऑक्सिडंट कॅप्सूल गोळीसोबतच घेतली तर दुहेरी घट होते आणि विषाणूला डोके वर काढायला वाव मिळतो. म्हणून डोल्युटेग्राविर अशा कॅप्सूलच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचे असते. सकाळी आठ आणि रात्री आठ या वेळा पाळणाऱ्याला दिवसा सकाळी दहा ते दुपारी दोन एवढीच मोकळीक उरते. ॲसिडिटीच्या पातळ औषधांनाही, त्यांत मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असल्याने, हाच नियम लागू आहे. ज्यांनी आपला लेख वाचून कॅप्सूल सुरू केली असेल त्यांनी टीबीची किंवा एआरटीची एकही गोळी न चुकवता, पुढच्या भेटीची वाट न पाहता, ती डबी एआरटी केंद्रातील डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना नेऊन दाखवावी.

कळावे.

आपला,
एक निवृत्त अध्यापक (जीवरसायनशास्त्र), मिरज